खाचा

जिनिव्हातल्या माझ्या ऑफिसात, टेबलाच्या खालच्या खणात
लार्चच्या लाकडाची एक वीतभर पट्टी आहे.
चार खाचा, आणि आमच्या घराची खूण: बकरीचं शिंग.

वडील पाटकरी होते, वालिसच्या उतारावर.
हिमनदीचं पाणी कड्याला टांगलेल्या लाकडी पाटातून
गावात उतरायचं, आणि कुणाच्या कुरणाला किती तास
ते या पट्ट्या सांगायच्या.
तंटा झाला की वडील पट्टी पुढे करत.
खाच म्हणजे खाच. अपील नव्हतं.

मी सहा-सहा मिनिटांत मोजते.
तासाचे दहा तुकडे, तुकड्याला दर.
एकतीस वर्षं अशी कातरली:
पॅरिस, सिंगापूर, स्टॉकहोम, हेग.
लवाद बसतो तिथल्या खिडक्या उघडत नाहीत.

आई विचारायची, तू नेमकी कुणाच्या बाजूची गं?
जो आधी फोन करेल त्याच्या, मी म्हणायचे.
ती हसायची नाही.

त्या वर्षी आधी फोन आला खाण कंपनीचा.
किरगिझ डोंगरातलं सोनं, रद्द झालेला परवाना,
मागणी एकोणतीस कोटी डॉलरची.
तिसऱ्या दिवशी सरकारचा साक्षीदार, एर्मेकबाय.
डोक्यावर नमद्याची उंच टोपी. ती काढावी की राहू द्यावी
यात लवादाची चार मिनिटं गेली. राहिली.

व्यवसाय?
मिराब, तो म्हणाला.
दुभाषी अडखळली. ‘जलव्यवस्थापन अधिकारी.’
पाटकरी, मी मनात दुरुस्त केलं,
आणि उभी राहिले.

खाण आल्यापासून पाणी उशिरा येतं, म्हणता. नोंदवही आहे?
नाही.
मग मोजता कसं?
त्याची बोटं हवेत काहीतरी बांधू लागली.
दोरीला गाठी मारतात, असं ते म्हणताहेत.
ती दोरी सादर केली आहे? परिशिष्ट क्रमांक?
दोरी गावात आहे. लोकांना रोज लागते.
म्हणजे कागद नाही.
त्यानं माझ्याकडे पाहिलं. रागानं नाही;
शेजाऱ्याच्या पोरीनं रात्री बांध फोडलेला दिसावा, तसं.
कागद नाही, तो म्हणाला.
धन्यवाद. आणखी प्रश्न नाहीत.

निवाडा चारशे अठरा पानी. परिच्छेद दोनशे बहात्तर:
‘साक्षीदार प्रामाणिक वाटला; तथापि लेखी पुरावा नाही.’
त्यातलं ‘तथापि’ माझं. त्याचे मला पैसे मिळाले,
आणि दारावरच्या पाटीत नाव दोन ओळी वर सरकलं.

परवा लिफ्टमध्ये झामिरा भेटली, तीच दुभाषी. केस पांढरे झालेत.
म्हणाली, तुम्हाला एक सांगायचं राहिलंच.
त्या संध्याकाळी मी त्याला तळ्यावर नेलं होतं.
ते उंच कारंजं बघत तो कितीतरी वेळ उभा होता.
मग विचारलं त्यानं:
आत्ता कुणाची पाळी चाललीय?

मग काय सांगितलंस?
मी हसले, ती म्हणाली. काय सांगणार.

लिफ्ट चौथ्या मजल्यावर थांबली.
दार उघडलं. बाहेर कुणी नव्हतं.