दुसरा नमुना

मे महिना. रात्रीचे पावणेदोन.
मेडिकल चौकातलं डांबर अजून दुपार ओकतंय.
कॅज्युअल्टीतला कूलर
पाण्यावाचून नुसताच घरघरतो.

लॅबमधून कागद आला.
ट्रोपोनिन बासष्ट. हद्द चौदाची.
आकड्याशेजारी वर तोंड केलेला बाण.
इंटर्न धावतच आली: सर, अटॅक!
म्हटलं, बाण फक्त वर बघतो.
कशामुळे, ते त्याला कोणी सांगितलेलं नसतं.

खाट चार. गुलाबराव हेडाऊ, गोळीबार चौक.
चाळीस वर्षं मागावर,
आता आठवड्यातून दोनदा डायलिसिसवर.
छातीत दुखतं?
"नाही जी. दम लागते थोडा.
परवाचं डायलिसिस सोडलं, पोट्टीचं लग्न होतं."
नडगीवर अंगठा दाबला. खळगा पडला, तसाच राहिला.
ईसीजीची रेघ मार्चमधल्या रेघेवर
ठेवली तर जुळावी अशी.

खाट नऊ. पुष्पकला तभाने.
कळमन्यात मिरच्यांची देठं खुडते.
जबडा ठणकतो, घाम थांबत नाही.
नवरा म्हणतो ऊन लागलं,
सोबतच्या बाया म्हणतात मिरचीचा ठसका.
ट्रोपोनिन सोळा.
हद्दीच्या दोनच पावलं पुढे.
तिच्या कागदावरही तोच बाण, तेवढाच.

रेसिडेन्ट असताना
मी एकदा नुसता आकडा वाचला होता.
रक्त पातळ करायचं औषध चढवलं.
हृदय ठीकच होतं त्या माणसाचं.
पोटातला व्रण फुटला.
पहाटे त्याच्या भावाने विचारलं,
"रिपोर्टमध्ये काय होतं?"
रिपोर्टमध्ये सगळं होतं.
माणूस तेवढा नव्हता.

तेव्हापासून थांबायला शिकतो आहे.
थांबणं म्हणजे बसून राहणं नव्हे:
दर अर्ध्या तासाला नऊची ईसीजी,
तिच्या जिभेवर ॲस्पिरिन,
चारच्या नाकाला ऑक्सिजन,
डायलिसिसच्या तंत्रज्ञाला झोपेतून उठवणं,
आणि घड्याळाकडे न बघता
घड्याळ ऐकणं.

साडेचारला दुसरा नमुना.
हेडाऊ: बासष्टचे त्रेसष्ट.
त्याचं हृदय रोजच थोडं झिरपतं,
किडन्या ते उपसत नाहीत.
तभाने: सोळाचे एकशे अठरा.
रेघही आता कुबड काढू लागली होती.

ट्रॉली निघाली.
एका चाकाची कुरकुर जिन्यापर्यंत ऐकू येत राहिली.
तिच्या नखांत अजून मिरचीचा लाल होता,
आणि ती नवऱ्याला सांगत होती
की उद्याची हजेरी मांडायला सांग.

खाट चारवरून आवाज आला:
"माहा आकडा तं मोठा होता न जी.
मंग तिलेच काऊन नेलं?"

मी त्याच्या खाटेच्या कडेला बसलो.
सांगायला सुरुवात केली, अर्ध्यात सोडली.
तो कोरड्या ओठांवरून जीभ फिरवत म्हणाला,
"जाऊ द्या. पाणी देता का?"

बाहेर उजाडायच्या आधीच गरम होत होतं.
मी कप आणला.
अर्धा.
मोजून.