तांडेलाची निवड

परड्यात, माडांच्या सावलीला सहा पेट्या.
थर्माकोलच्या. बांगडा उतरला की वेंगुर्ल्याच्या बंदरावर
दहा रुपयांना एक मिळते, फुटकी नसली तर.
आठ दिवस उन्हात घालते, वास जाईपर्यंत.
मेलेल्या माशांच्या पेटीत जिवंत मासे, म्हटलं एकदा,
तर बाबा हसले,
"पेटयेक काय कळता गे?"

मेडाका. मूळचे दूरदेशीच्या भातखाचरांतले,
करंगळीच्या दोन पेरांएवढे.
ओल्या कापसात अंडी आली कुरिअरने, तेवीस.
अकरा फुटली. बाकीच्यांना बुरशी.

आता वहीत रंगांचे रकाने आहेत.
नारिंगी, पिकल्या सुपारीच्या सालीसारखा.
पांढरा, ज्याच्या पोटातलं जेवण बाहेरून दिसतं.
काळा, पण काळ्या टबात असेपर्यंतच;
पांढऱ्या पेटीत सोडला की फिका पडतो
परक्या ओटीवर बसलेल्या माणसासारखा.
निळ्याला निळा म्हणतात, तो निळा नव्हे,
पत्र्यावर सांज उतरते तसलं काहीतरी.
पाठीवर चांदीची रेघ असते तो सगळ्यांत महाग:
रेघ शेपटीपासून डोक्यापर्यंत पोचली तर दीडशेला जोडी,
मध्येच तुटली तर चाळीस.

आणि मळके. प्रत्येक विणीत थोडे निघतातच,
खाजणातल्या पाण्याच्या रंगाचे,
पणज्याचं नाक पणतवाला यावं तसे.
ते कुणी मागत नाही.

जानेवारीत कणकवलीच्या दंतवैद्य रेगेबाईंचा फोन:
दवाखान्यातल्या टाकीला वीस नारिंगी हवेत, आजच.
मुलगा तापाने फणफणलेला.
मी बाबांच्या हाती चहाची जुनी गाळणी दिली,
नारिंगी तेवढे ह्या बादलीत, मळके त्या.
अडतीस वर्षं तांडेल होते. पाट घेऊन बसले.

परत आले तर दोन्ही बादल्यांत दोन्ही रंग.
तोंडाशी आलेलं गिळलं, आणि नीट पाहिलं.
एका बादलीत सगळे नर:
पाठीवरच्या पराला खाच, खालचा पर शिडासारखा रुंद.
दुसरीत माद्या, दोघींच्या पोटाशी
सकाळचे अंड्यांचे घोस अजून लटकलेले.
एक चूक नाही. मला ह्याला भिंग लागतं.

"बाबा, रंग?"
बाबा गाळणी झटकत राहिले. पाणी संपलं तरी.
"माका तांबडो, हिरवो, नारिंगी सगळो एकच दिसता.
कोणाक सांगूक नाय कधी.
तांडेलान असा सांगून चलत नाय."

मला समुद्रातली रात्र दिसली.
समोरच्या बोटीचा उजवा दिवा हिरवा, डावा तांबडा;
ह्यावरूनच कळतं ना, ती कुठल्या कुशीने जाते ते?
"नव्या पोराक इचारी,
'खंयचो रे दिवो तो?'
सगळ्यांक वाटा, तांडेल पोरांका शिकवता."

अडतीस वर्षं.
किती पोरं शिकली असतील त्या एका प्रश्नावर.

"आणि आईंना?"
"तिका म्हायत होता.
सकाळीच सांगा, 'आज हिरवा नेसलंय हां.'
मगे मी चार माणसांत म्हणी, हिरवा बरा दिसता तुका."

वीस नारिंगी मी पुन्हा वेचले,
पिशव्यांत हवा भरली, रबरं लावली,
चारची एसटी धावत गाठली.
कंडक्टरने विचारलं, आत काय? मासे म्हटल्यावर
त्याने पिशवी हुंगली.

दुसऱ्या दिवशी खाणं टाकताना
मी सहज मोठ्याने बोलले,
नारिंगी आज बरे खातायत,
मळक्याने एक चावा घेतला बघा काळ्याचा.
बाबा माडाला टेकून जाळ्याची भोकं सांधत होते.
वर न बघता म्हणाले,
"म्हायत आसा माका."
थोड्या वेळाने,
"काळो खंयचो? तो कोपऱ्यातलो?"