उणे शून्य

हीउमा बेटावर फेब्रुवारीत
समुद्राचा रस्ता होतो.
वाइके मावशी पहाटे बर्फाला भोक पाडते,
पट्टी आत सोडते, आकडा सांगते,
मी टिपून घेते.
बावीस सेंटिमीटरच्या आत गाडी सोडायची नाही.

अंदाज बांधणारा प्रोग्राम एंडेलचा.
सतरा वर्षांपूर्वीचा, सगळ्यांना खुला,
चव्वेचाळीस फायली, कुठे टॅब कुठे स्पेस,
व्हेरिएबलांना स्वतःच्या कुत्र्यांची नावं.
शिवाय चुकायचा:
मावशीची पट्टी बावीस, हा एकोणीस.
मी नाक मुरडलं.
हे शाकारत बसण्यापेक्षा नवंच बांधू म्हटलं,
आणि रिकाम्या फायलीत केला श्रीगणेशा.

पहिल्यांदा नाव ठरवण्यातच आठवडा गेला.
दुसऱ्यांदा फक्त लोगो झाला, निळा, देखणा.
तिसऱ्यांदा मात्र खरंच चालला.
नव्याचे नऊ दिवस.
दहाव्या दिवशी मावशी म्हणाली,
"दगडी टोकापाशी तुझा तेवीस दाखवतोय.
तिथे तेवीस कधीच नसतो."

एंडेलच्या फायली पुन्हा उघडल्या.
एकतिसाव्या फायलीत, तळाशी, एक बेवारशी ओळ:
मिर्री बरोबर सहा.
त्या टोकापाशी मिर्री वजा करा.
शेजारी टीप, मार्च २००९ची:
कारण विचारू नका.
ही ओळ मी आधी वाचली होती.
हसून वगळली होती.

मावशीला विचारलं. ती पट्टी पुसत राहिली.
"खालून झरा येतो तिथे."
मग बऱ्याच वेळाने,
"त्याची कुत्री पुढे पळत गेली होती.
म्हणून तो मागे राहिला."

त्या रात्री मी काही बांधलं नाही.
नुसती वाचत बसले,
जशी मावशी वाचते बर्फ, टाचेने ठोकून, कान देऊन.
दोनच्या सुमारास सापडलं:
तापमान शून्य आणि उणे एकच्या मधे गेलं
की उण्याची खूण गळून पडायची.
उणे शून्य पूर्णांक चारचं
नुसतं शून्य पूर्णांक चार.
गारठ्याला तो ऊब समजायचा.
सतरा हिवाळे.
आणि दुरुस्ती एका ओळीची.

पाठवताना बोट अडलं.
आयत्या पिठावर रेघोट्या, वाटलं.
तीन महिने खपून
माझं म्हणून काय, तर वजाबाकीचं एक चिन्ह,
तेही परत जागेवर ठेवलेलं.

चौथ्या दिवशी एंडेलचं उत्तर आलं:
"इथे टॅब नको, स्पेस दे. बाकी बरोबर.
माझे डोळे आता साथ देत नाहीत.
किल्ल्या तुला देऊ का?"

अजून हो म्हटलेलं नाही.

एप्रिलमध्ये रस्त्याचं पाणी होतं.
पुढच्या हिवाळ्यात सगळं पहिल्यापासून,
नवा बर्फ, नवी भोकं;
पण जुनिपरच्या फांद्या मावशी रोवते
त्याच जुन्या रेषेत,
टोकाला लांबचा वळसा घालून.

निळा लोगो मी पुसलेला नाही.