बिजागरी

सीताबर्डीच्या गल्लीत, झेरॉक्सच्या वर
माझं दुकान: एक टेबल, एक भिंग
आणि एक कूलर, जो वारा कमी
वाळ्याचा वास जास्त देतो.
मे महिना. बाहेर सेहेचाळीस.
लोक मान पुसत जिना चढतात आणि विचारतात,
"भाऊ, घेऊ का ते उलटं वळणारं?"

मी आधी बिजागरी पाहतो.
साध्या लॅपटॉपची मान शंभर-सव्वाशे अंशांत जगते.
ह्याला मात्र पूर्ण मागं जाऊन
स्वतःच्याच पाठीला पाठ लावायची असते.
त्या वळणातून जाते एक रिबन, कागदाएवढी पातळ,
दर वेळी थोडी थोडी म्हातारी होणारी.
ती तुटली की आधी पडदा लुकलुकतो,
मग गिऱ्हाईक.

पुढचं मला पाठ आहे.
रॅमला बोर्डावरच डाख दिलेला, जन्मभर तेवढीच.
बॅटरी चिकटवलेली. आपल्या उन्हात ती फुगते पुरीसारखी,
आणि फुगली की काच उचलते.
टॅब म्हणून छातीवर घेऊन लोळाल,
तर दीड किलो. डुलकी लागली की नाकावर.
दुमडल्यावर कळा खाली जातात,
बोटांना लागतात, दाबल्या जातात,
पण काहीच उमटत नाही,
झोपेत बोलणाऱ्याचे ओठ हलावेत तसं.
आणि पेन? पेन हरवतं.
"एक ना धड," मी म्हणायचो,
भाराभर चिंध्या गिऱ्हाईकच म्हणायचं.

त्या दिवशी कुंदा नंदनवार आल्या.
त्रिमूर्तीनगरात, घरच्या हॉलमध्ये,
ऐकू न येणाऱ्या मुलांना शिकवतात.
मशीन दोन वर्षांचं, डावी बिजागरी ढिली,
काचेवर बिस्किटाचा चुरा, बारक्या बोटांचे ठसे.
मी माझी यादी सुरू केली.
रॅमपर्यंत आलो असेन, त्या म्हणाल्या,
"भाऊ, हे पुरं मागं दुमडा. ठेवा टेबलावर. मधात."

ठेवलं.

"साधा होता ना, तवा पोट्टं झाकणाच्या पल्याड बसे.
माझं तोंडच दिसे ना त्याले.
ओठ वाचते ते. हनुवटी झाकणात गेली का
त्याच्यासाठी मी मुकीच.
आता हे असं पाटासारखं पडते.
मी इकडून 'प' काढते, ते तिकडून काढते.
त्याले माझा उलटा दिसते, मले त्याचा.
हसते. अन् हसता हसता तोंडाकडे पाहते."

कूलर घरघरत होता.
मी समोरच्या खुर्चीकडे पाहिलं.
सतरा वर्षं तिथं लोक बसतात
आणि मी उघड्या झाकणाआडून त्यांच्याशी बोलतो.

यादी खोटी नव्हती. बिजागरी ढिली ती ढिलीच.
पण दुसऱ्या पारड्यात मी ठेवत आलो होतो
ग्रॅम, तास, रुपये.
दिसणारं तोंड किती ग्रॅमचं असतं
हे कुठल्याच खोक्यावर छापलेलं नसतं.

स्क्रू आवळला, सव्वा वळण.
जास्त आवळला तर काच तडकते,
कमी पडला तर मान टाकते.
"पेन?" मी विचारलं.
त्यांनी पिशवीतून काढलं.
लाल लोकरीचा वीतभर दोरा, सात-आठ गाठी.
"पोट्टेच बांधतात. रोज एक जास्तीची."
अठराशे सांगितले होते. चौदाशे घेतले.

दिवेलागणीला एक मुलगा आला,
इंजिनियरिंगचा, कानांत इयरफोन.
"काका, घेऊ का ते उलटं वळणारं?"
कूलरमध्ये बादली ओतता ओतता मी विचारलं,
"समोर कोण बसणार?"
तो गोंधळला. एक इयरफोन काढला.
"समोर? कोणी नाही. मी एकटाच राहतो."
"मग साधं घे," मी म्हणालो.

तो जिना उतरून गेला.
शटर ओढताना वाटलं,
एवढं पटकन सांगायला नको होतं.