कुंभारमाठचा चढ

नवा बेंड पाइप कोल्हापूरहून आला,
मेहुण्याच्या ओळखीने, अर्ध्या किमतीत,
वर्तमानपत्रात गुंडाळून सुतळीने बांधलेला.
जुना खाऱ्या हवेने खाल्ला होता.
बोट लावलं की पापुद्रा निघायचा
पेडव्याच्या खवल्यासारखा.

इनासला वेळ मिळेपर्यंत
तीन आठवडे तो ओटीवर पडून होता,
कागद सोडवलेला, तोंड उघडं.
हे मी फार उशिरा सांगितलं.
कोणी विचारलंच नव्हतं.

बसवला त्या संध्याकाळी आवाज असा
की मेढ्यातली कुत्री उठून उभी राहिली.
इनास म्हणाला, "आता बघ कशी उडतली."

पहाटे लिलावातून दोन क्रेट बांगडा,
एक सौंदाळा, वर बर्फ.
भरडनाक्यापर्यंत गाडी मजेत आली
आणि कुंभारमाठच्या चढाला
तिने मान टाकली.
तिसऱ्यावरून दुसरा, दुसऱ्यावरून पहिला,
मूठ शेवटपर्यंत पिळलेली,
आणि ती नुसती ओरडते आहे, चालत नाही.
मागून एसटी आली, पुढे गेली.
कंडक्टरने ओळखीचा हात केला.
शेवटी उतरलो, ढकलली.
बर्फाचं पाणी टाचेवर ठिबकत होतं.

चौके यायला साडेनऊ.
ज्या घरांत वाटप तयार होतं
त्यांनी तोवर अंडी आणली होती.

"पाइप मोठो," इनास म्हणाला,
"हवा जास्त, पेट्रोल कमी पडता तिका."
कार्बोरेटर खोलला, मोठा जेट घातला.
गाडी आणखी वाईट.
जोडावर साबणाचं पाणी सोडलं;
फुगा नाही, एकही नाही.
गॅस्केट बदललं. व्हॉल्व्ह तपासले.
दोष क्लचला दिला, मग माझ्या वजनाला,
मग सगळ्या कोल्हापूरला.
चार दिवस मी भावाचा टेम्पो मागून नेला
आणि डिझेलवरून बोलणी खाल्ली.

पाचव्या दिवशी त्याने प्लग काढून
उन्हात धरला. काळाकुट्ट.
बराच वेळ बोलला नाही.
गाडी चालू करून, सायलेन्सरमागे
तळहात धरला,
झोपलेल्या पोराच्या नाकाशी धरावा तसा.
"तुझो हात ठेव बघू."
ठेवला.
एवढ्या आवाजामागे
एवढासा श्वास.

"खाता बरा," तो म्हणाला,
"पण सोडूक गावना नाय तिका."

पाइप काढला. एका तोंडाशी बॅटरी,
दुसऱ्या तोंडाशी डोळा.
मग तो हसायला लागला आणि थांबेचना.
लाकडी हातोडीने तीनदा ठोकलं,
गोणपाटावर पडली मातीची घरं.
सहा, एकाला एक चिकटून,
कुंभारीण माशीची.

ओटीवर खेपा घालून, तोंडातून चिखल आणून
तिने वळून ठेवलेली,
आणि आम्ही किक मारून भाजलेली.
रंग विटकरी. नखाने वाजवलं तर
पक्क्या मडक्यासारखी टणटणत होती.
एकात कोळ्याचे पाय, राखेचे झालेले.
बाकीच्यांत काय होतं
ते बघायचं मला धाडस झालं नाही.
इनासने बघितलं,
आणि सांगितलं नाही.

जुना जेट परत. ऐंशी रुपये,
तेही नको नको म्हणत खिशात.
"पाइपाचा तोंड बंद करून ठेवतत रे,
चिंधी कोंबतत."
हे त्यानेही उशिराच सांगितलं.

आता चढ तिसऱ्यावरच निघतो.
मूठ पिळताना एक कान मात्र
मागेच राहतो.

जुना पाइप माडाच्या बुंध्याशी टाकलाय.
भंगारवाला दोनदा विचारून गेला.
काल ती त्यात शिरताना दिसली,
पोटाशी एक हिरवा कोळी धरून,
ओझ्याने तिरकी उडत.
बायको म्हणते, देऊन टाका,
चाळीस रुपये तरी येतील.
मी म्हणतो, दिवाळी होऊ दे.