निरंक

कुलसचिवांच्या सहीचं पत्र टेबलावर आलं,
मला वाटलं, माझ्या पेन्शनचं असेल.
विद्यापीठाने हवेत सोडलेल्या वायूंचा हिशेब
यापुढे लेखा विभागाकडे, म्हणजे माझ्याकडे.
बावीस वर्षं मी नुसते पैसे मोजले,
धुराला पावती कुठून आणायची?

तरी शिकले.
मेसचे सिलिंडर, नेरूळ स्टेशनच्या दोन बस,
ग्रंथालयाचा एसी, जो मे महिन्यात
एकट्या झुरळांसाठी चालू होता,
आणि बर्लिनच्या परिषदेला जाऊन आलेले
पर्यावरणाचे विभागप्रमुख.
त्यांनी आपला आकडा स्वतः आणून दिला,
मान खाली घालून.
मी त्यांच्यासाठी चहा सांगितला.

मग जनरेटर रूम.
हसुराम घरत, राहणार करावे गाव,
जमीन गेली त्या बदल्यात नोकरी.
त्याची लॉगबुकं चोवीस,
तारीख, सुरू, बंद, लिटर,
एकही खाडाखोड नाही.
मी म्हटलं, लिटरभर डिझेल जळलं
की पावणेतीन किलो वायू धरायचा.
तो हसला. "लिटरचं वजन किलोभर पन नाय.
बापूस मिठागरावर गोणी मोजायचा.
गोणीतून गोणीपेक्षा जास्ती मीठ
कधी निघालं नाय.
तुमच्या काट्यात खोट हाय, मॅडम."

मला उत्तर येईना.
रसायनशास्त्राच्या मुकादम मॅडमना बोलावलं,
त्यांनी टाकीच्या पत्र्यावरच खडूने लिहिलं,
तेलातलं थोडं, बाकीचं वजन हवेतूनच घेतलेलं.
हसुराम बराच वेळ पत्र्याकडे बघत राहिला.
"म्हंजे शेजारणीकडनं पीठ उसनं आणायचं
न् परत देताना राख द्यायची."
मॅडम खडू हातात धरून थांबल्या.
म्हणाल्या, हे मी वर्गात वापरू का?

समितीत भांडण झालं ते आधारवर्षावरून.
कमी केलं म्हणायचं, तर कशापेक्षा कमी?
दोन हजार चौदा-पंधरा ठरलं,
कारण त्याआधीची बिलं वाळवीने खाल्ली होती.
पाण्याचे ग्लास घेऊन आलेला हसुराम
दारातूनच बोलला,
"आमच्या खाचरापासून धरा की.
ही बिल्डिंग हाय ना, यां बांध होता.
रातचे खेकडे जागे, न् एक कंदील."
कुणीतरी "छान, छान" म्हणालं.
कंदिलाचं रॉकेल मी उगाचच
वहीच्या मागच्या पानावर मांडून पाहिलं.
वर्षाला अठरा लिटर. शून्याच्या इतकं जवळ
की समितीला दाखवायची लाज वाटली.

छपरांवर पॅनेल बसली. बॅटऱ्या आल्या.
ऑक्टोबरात, परीक्षा चालू असताना,
अकरा बेचाळीसला वीज गेली.
एकही पंखा मंदावला नाही.
एकाही पोराने मान वर केली नाही.
फक्त तळमजल्यावर एक माणूस उठला,
दोन पावलं धावला, हात किल्लीपाशी,
आणि तसाच उभा राहिला.
मी व्हाउचर घेऊन तिथून जात होते.
मी दिसले नाही असं त्याने केलं,
मीही केलं.

जनरेटर भंगारात गेला. किलोला बत्तीस रुपये,
ते माझ्याच वहीत जमा.

आता तो पहाटे सहाला छपरावर असतो,
पारसिकच्या खाणींची धूळ
पॅनेलवरून लांब दांड्याच्या फडक्याने पुसतो.
ऊन तापायच्या आत संपवावं लागतं.
मी एकदा गुडघे धरत वर गेले,
विचारलं, जमतंय ना?
म्हणाला, कानात अजून घुमतं.
मग हाताने खाडी दाखवली.
"चोवीस वर्षं त्या खोलीला खिडकी नव्हती, मॅडम."

लॉगबुक मात्र त्याने सोडलेलं नाही.
कुणी मागितलेलं नाही, तरी महिनाअखेर
माझ्या ट्रेमध्ये येऊन पडतं.
तारीख. सुरू, निरंक. बंद, निरंक.
लिटर, निरंक.
पानामागून पान, तेच नीट अक्षर.
परवाच्या ओळीत शेऱ्याच्या रकान्यात
पेन्सिलीने लिहिलंय,
गुलाबी पक्षी आले. अंदाजे दोनशे.

आकडा पडताळलेला नाही.
मी सही केली.