साडेआठशे

बॉनेटच्या आतल्या बाजूला कारखान्याचा कागद आहे,
कडांनी पिवळा, एका कोपऱ्यावर ऑइलचा अंगठा.
तूव्हे त्यावर बोट ठेवून उभा:
"इथे पाचशे लिहिलंय, सिव्ह. आयडल पाचशे."

लिहिलंय खरं.
पण ज्या इंजिनाबद्दल लिहिलंय
ते आपण मंगळवारी उघडलं
आणि त्याचा कॅमशाफ्ट जुन्या टॉवेलात गुंडाळून
फळीवर ठेवून दिला.

रात्रीचे साडेदहा. मूराच्या तळ्यावर ऊन अजून रेंगाळतंय,
जूनमध्ये त्याला घरी जायची आठवणच राहत नाही.
परवा मिडसमर. परवा या पोराला
अडुसष्टची शेव्हरोले तळ्याकाठानं
चालण्याहून सावकाश न्यायची आहे.

पहिली वीस मिनिटं इंजिनाला टेकू दिलं नाही.
दोन हजारांवर धरून ठेवलं,
नवे लोब नि नवे टॅपेट घासून घासून
एकमेकांच्या ओळखीचे होईपर्यंत.
मग रेस सोडली.
नऊशे. सातशे. सहाशे.
अडखळलं, कार्ब्युरेटरमधून शिंकलं,
मेलं.

"बिघडलं?"
नाही रे.
या कॅमची चालच अशी:
आत घेणारा व्हॉल्व्ह उघडतो तेव्हा
बाहेर सोडणारा अजून मिटलेला नसतो.
येणारा नि जाणारा, दोघं एकदम उंबऱ्यावर.
धावपळीत ते खपून जातं, रेटाच वाट काढतो.
सावकाशीत मात्र
जळकी हवा दारातून परत फिरते
आणि ताजीला पाय ठेवायला जागा नसते.

"पण मला तो आवाज हवाय."
माहीत आहे कुठला.
तीन पायांवर दौडणाऱ्या घोड्याचा.
पेट्रोलपंपावर माना वळतात तो.
"जितकं खाली, तितका भारी."

व्हॅक्यूमचं घड्याळ लावलं.
जुन्या कॅमवर काटा अठरावर झोपायचा,
आता अकराच्या आसपास थरथरतोय.
टायमिंग सोळा अंशांवर.
डावा स्क्रू आत, अडखळेपर्यंत; अर्धा फेरा बाहेर.
उजवा तसाच. पुन्हा डावा.
एका पांघरुणातली दोन भावंडं,
याला पुरवलं की त्याचे पाय उघडे.

साडेनऊशेवर गुरगुरत राहिलं.
मी हात पुसायला वळले
तेवढ्यात त्यानं स्क्रू ढिला करून सहाशेवर आणलं,
आत बसला, गिअर टाकला.
आवाज! देवा, काय आवाज.
खिडकीतली नटांची बरणी नाचायला लागली.
खोटं कशाला बोलू, मीही क्षणभर ऐकत राहिले,
एकोणिसाव्या वर्षी मीही असाच एक आवाज
बोर्लेंगेपर्यंत नेला होता.

मग ते विझायला लागलं.
त्यानं घाबरून रेस दिली,
ब्रेकवर पाय आपटला, एकदा, दोनदा,
तिसऱ्यांदा पेडल दगड.
(ब्रेकला बळ देणारी पोकळी तीच,
अकरातली उरलीसुरली.)
गाडी हातभर पुढे आली, थांबली.
मध्ये माझा थर्मास होता.

कॉफी फरशीवर पसरत गेली.
कोणीच काही बोललं नाही.
बाहेर शेजारच्या ल्येनबर्गचं कुत्रं भुंकलं, एकदाच.

मग त्यानं स्वतःच विचारलं, "किती?"

गिअरमध्ये बसवलं, चाकांना ओंडके लावून,
ब्रेकवर त्याचा पाय, स्क्रूवर माझा हात.
आठशेला हेडलाइट मिणमिणतात.
नऊशेला गाडी ओंडक्यांवर चढू बघते.
साडेआठशेला ती उभी राहते,
मान हलवत, खुरं आपटत, पण उभी.

"काटा अजून हलतोय," तूव्हे म्हणाला.
हलणारच. तो आता थांबायचा नाही.
थरथरीच्या मधोमध वाचायचं.

पेन्सिल मागितली त्यानं.
कागदावरचे पाचशे एका रेघेनं खोडले,
वर लिहिलं साडेआठशे, आणि तारीख.
जरा थांबून त्याखाली, बारीक अक्षरात:
सिव्हचा थर्मास, एक. देणे.